ऋताचा ताप

कल्पना करा, मुलांनो, की तुमच्या तोंडात थर्मामीटर आहे. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचाल कसं! जिभेखाली ती गार, गुळगुळीत काडी धरा आणि ओठ घट्ट मिटा. बोलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही. आता आजूबाजूला बघा. वर्गातली सगळी मुलं अशीच बसली आहेत. प्रत्येकाच्या ओठांतून एकेक काडी बाहेर आलेली. एरवी हे बघून तुम्हाला हसू फुटलं असतं. पण आज कुणी कुणाकडे बघतसुद्धा नाही. जो तो आपल्या काडीतून ‘पीप’ असा आवाज यायची वाट बघतोय. आकडा कमी आला तर आजचा दिवस सुटला. जास्त आला, तर शेजारचा मित्र खुर्ची सरकवून तुमच्यापासून लांब जाईल.

ऋता रोज अशी बसायची. दोन हजार तीन सालची, सिंगापूरची ही गोष्ट. तेव्हा तिथे सार्स नावाचा आजार आला होता. खोकल्यातून पसरायचा, आणि छातीत शिरला की चांगल्या धडधाकट माणसाचा श्वास कोंडायचा. औषध कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळा काही दिवस बंद राहून पुन्हा उघडल्या होत्या आणि आल्या आल्या पहिलं काम म्हणजे ताप मोजणं.

ऋता पाचवीत होती. तिचे बाबा निशिकांत एका बँकेत होते. आधी सिडनीत, मग सिंगापुरात. लेकीचा अभ्यास मध्येच बदलायला नको म्हणून त्यांनी तिला ऑस्ट्रेलियाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका छोट्या शाळेत घातलं होतं. बाबा रोज चांगी बिझनेस पार्कला जायचे आणि आई, म्हणजे सविता, हौगांगच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या बघत काळजी करायची.

काळजीला कारणही घडलं होतं. बाबांच्या ऑफिसातले दीनानाथकाका नुकतेच हाँगकाँगहून परतले होते. त्यांच्या विमानातल्या एका प्रवाशाला सार्स निघाला आणि सरकारने काकांना घरातून बाहेर पडायची बंदी केली. दारात कॅमेरा बसवला, वेळी-अवेळी फोन करून ते घरीच आहेत ना, हे बघायला सुरुवात केली. आणि नेमके त्याच्या आदल्याच दिवशी बाबा त्यांच्याबरोबर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊच्या गाळ्यांच्या मंडईत, एका टेबलावर जेवले होते.

“पण मला कुणी काही विचारलेलं नाही,” बाबा म्हणाले. “ताप नाही, खोकला नाही. उगाच बोभाटा कशाला?”

आईने मात्र लिटिल इंडियातून तुळस आणली, बाजारातून गवती चहा आणला, आलं-मिरी कुटली आणि गूळ घालून काढा उकळायला ठेवला. त्या दिवशी सकाळी तिने ऋताच्या दप्तरात छोटा थर्मास ठेवला.

“थर्मामीटर लावायच्या जरा आधी बाथरूममध्ये जाऊन चार घोट घे. गरम गरम. घसा शेकलेला असला की रोग आत शिरत नाही.”

“शी! तिखट असतो तो.”

“असू दे तिखट. आणि हे बघ ऋतू, शाळेत काढ्याचं बोलायचं नाही. त्यांना वाटेल, पोरीचा ताप दाबायला घरचे काहीतरी पाजतात. आणि दीनानाथकाकांचं तर अवाक्षर काढायचं नाही. बाबांना घरात बसवतील, तुलाही बसवतील. कळलं?”

“कळलं.”

“माझी शपथ घे.”

ऋताने शपथ घेतली. शपथ घेऊन झाली तरी आईने तिचा हात सोडला नाही.

आता त्या शाळेतली आणखी एक गंमत सांगायला हवी. तिथल्या दोन शिक्षकांचं आपसात मुळीच पटायचं नाही. वर्गशिक्षिका मिस कॅलहन. त्यांच्याकडे काहीही सांगायला जा, त्या विचारणार, “तुला कसं कळलं?” आकाश निळं आहे म्हटलं तरी, “तुला कसं कळलं?” मुलांनी स्वतः शोधावं, चुकावं, पुन्हा शोधावं, असं त्यांचं म्हणणं. दुसरे विज्ञानाचे मिस्टर डॉब्सन. उंच, लाल चेहऱ्याचे, शिस्तीचे. ते म्हणायचे, ज्या मुलाला काही माहीतच नाही ते विचार तरी कशावर करणार? आधी नीट समजावून सांगा, पक्कं करून घ्या, मग प्रश्न विचारा. ते एकेक वाक्य सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणून घ्यायचे. “थर्मामीटर ज्याला टेकलेला असतो, त्याचंच तापमान सांगतो.” हे वाक्य तर त्यांनी इतक्यांदा म्हणून घेतलं होतं की मुलं खेळताना त्याच्या चालीवर दोरीच्या उड्या मारायची.

ऑस्ट्रेलियातल्या शाळांमध्ये तेव्हा हाच वाद पेटला होता. कुठल्या पद्धतीने मुलं खरंच शिकतात, आणि याचा पुरावा काय? तो वाद या दोघांनी सामानाबरोबर सिंगापूरलाही आणला होता. पालकसभेत दोघांची जुंपली की पालकांमध्येही तट पडायचे. ऋताचे बाबा डॉब्सनसाहेबांच्या बाजूचे. “पाढे पाठ नाहीत आणि विचार करणार म्हणे! डोंबलाचा विचार!” असं ते घरी येऊन म्हणाले होते. आईला कॅलहनबाई आवडायच्या, कारण त्या मुलांवर ओरडत नसत.

तर त्या सकाळी ऋताने बाथरूमचं दार लावून काढा प्यायला. चार घोट सांगितले होते. भीतीपोटी तिने झाकण भरभरून प्यायला. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. मग वर्गात येऊन ती जागेवर बसली आणि तिने काडी जिभेखाली धरली.

पीप.

तिने आकडा बघितला. अडतीस पूर्णांक सहा.

तिने तो पुन्हा बघितला. तिला वाटलं, काडी उलटी धरली असेल. तेवढ्यात शेजारच्या नीलने मान लांब करून डोकावलं आणि तो खुर्चीसकट मागे सरकला.

“अय्यो, थर्टी-एट! मिस, ऋता गॉट सार्स, लाह!”

“नील, गप्प बस,” मिस कॅलहन म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. सगळ्या वर्गात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. ऋताभोवती मोकळं गोल अंगण तयार झालं आणि त्याच्या मधोमध ती एकटी. रोज जिच्याबरोबर ती डबा खायची, त्या जॉर्जिनाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

“दप्तर घे, बेटा,” मिस म्हणाल्या. “आपण संगीताच्या खोलीत जाऊ.”

संगीताची खोली आता संगीताची उरली नव्हती. ढोल-ताशे कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवले होते, खिडक्या सताड उघड्या होत्या आणि खोलीच्या मध्ये एकच खुर्ची होती. ताप निघालेल्या मुलाने तिथे बसायचं, घरच्यांना फोन जायचा आणि मग खास रुग्णवाहिका बोलवायची, असं ठरलेलं होतं. रुग्णवाहिकेतली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असतात, त्यांचे डोळेसुद्धा काचेआड असतात, हे ऋताने टीव्हीवर बघितलं होतं. आणि आत गेलेल्या माणसाला आई-बाबा भेटायला येऊ शकत नाहीत, काचेतूनसुद्धा नाही, हेही तिने ऐकलं होतं.

ती खुर्चीवर बसली. मिस कॅलहननी तिला एक मास्क दिला आणि स्वतःच्या तोंडाला मास्क लावून त्या दाराशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मिस्टर डॉब्सनही आले.

“किती?”

“अडतीस-सहा.”

“आईला फोन केला. निघाल्यात. त्या आल्या की रुग्णवाहिका बोलावू.”

ऋताला आता खरंच गरम वाटायला लागलं होतं. घसा दुखतोय का? दुखतोय वाटतं. की काढ्याने भाजलाय? तिने खोकून बघावं असं मनात आणलं आणि घाबरून खोकला गिळला. बाबा त्या टेबलावर जेवले. बाबांनी घरी येऊन तिचा पापा घेतला. म्हणजे ते काकांकडून बाबांकडे, बाबांकडून तिच्याकडे... ती पुढचा विचार करू शकेना.

पण विचार थांबेना. आणि त्या सगळ्या गोंधळात दोरीच्या उड्यांच्या चालीवर एक ओळ तिच्या डोक्यात घुमायला लागली. थर्मामीटर ज्याला टेकलेला असतो, त्याचंच तापमान सांगतो. टेकलेला कशाला होता? जिभेला. आणि जिभेला काय लागलं होतं?

“मिस,” ती हळूच म्हणाली, “माझी जीभ तापली असेल.”

“म्हणजे?”

ऋताला आईला दिलेली शपथ आठवली. मग तिने थर्मास काढून जमिनीवर ठेवला. “मी काढा प्यायले. उकळता. थर्मामीटर लावायच्या आधी. आईने सांगू नको म्हटलं होतं.”

मिस कॅलहनच्या मास्कवरचे डोळे एकदम मोठे झाले. “पण हेच कारण आहे, हे तुला कसं कळलं?”

“नाही कळलं,” ऋता म्हणाली. “बघायला लागेल.”

मिस्टर डॉब्सननी थर्मास उचलला, झाकण उघडून वास घेतला आणि ते शिंकले. “हे तुम्ही पिता? मुद्दाम?”

“तुम्ही पिऊन बघा,” ऋता म्हणाली. “तुम्हाला ताप नाहीये ना?”

“मी?”

“तिचं बरोबर आहे, ग्रॅहम,” मिस कॅलहन म्हणाल्या. “ज्याला ताप नाही त्याने प्यायलं तरच कळेल. घाबरलास की काय?”

डॉब्सनसाहेबांनी खिशातला आपला थर्मामीटर आधी लावला. छत्तीस-आठ. मग थर्मासातला काढा त्यांनी स्वतःच्या कपात ओतला, एका दमात प्यायला आणि त्यांचा लाल चेहरा जांभळा झाला. “देवा रे! यात काय मिरचीची बाग घातलीय?” खोकत खोकत त्यांनी पुन्हा काडी तोंडात धरली. पीप. ते आकड्याकडे बघत राहिले.

“अडतीस-चार,” ते म्हणाले.

ऋताला रडू फुटलं. मिस कॅलहन टाळ्या वाजवणार होत्या, पण डॉब्सननी हात वर केला. “थांबा. यावरून काढ्याने आकडा चढतो एवढंच कळलं. तिला ताप नाही, हे अजून कळलेलं नाही. तोंड निवेपर्यंत तिने काही खायचं-प्यायचं नाही. मग पुन्हा मोजू.”

ते बरोबर बोलत होते आणि ऋतालाही ते कळलं. तिने डोळे पुसले आणि ओठ घट्ट मिटले.

आता वाट बघायची होती. वाट बघणाऱ्या मोठ्या माणसांना गप्प बसवत नाही, मुलांनो. दोघं दाराबाहेर उभी राहिली आणि त्यांची नेहमीची जुंपली.

“बघितलंस? पोरीने स्वतः शोधून काढलं,” मिस कॅलहन म्हणाल्या. “प्रश्न विचारायला शिकवलं की असं होतं.”

“आणि ते वाक्य कुणी पाठ करून घेतलं होतं? ते माहीत नसतं तर काय शोधलं असतं तिने?”

“माझ्या वर्गातली किती मुलं असा विचार करतात, माहितीये तुला?”

“तू मला नेहमी तीच मुलं दाखवतेस, मॉरीन! तुझ्या पद्धतीने जी गोंधळली, वाचायलाच मागे पडली, ती कुठायत? त्यांचं नाव काढत नाहीस. पुरावा म्हणजे सगळा पुरावा. आपल्या सोयीचा तेवढा पुढे केला तर ती वकिली झाली.”

“आणि तू? तुझी घाबरून गप्प बसलेली मुलं तू मोजतोस?”

डॉब्सननी थर्मामीटर रुमालाने पुसून खिशात ठेवला.

आत ऋता खुर्चीवर ताठ बसली होती. तिच्या कानात एकच वाक्य अडकलं होतं. सोयीचा तेवढा पुढे केला. तिने काढ्याचं सांगितलं होतं. ते सांगितल्याने तिची सुटका होणार होती. दुसरं मात्र तिने सांगितलं नव्हतं. ते तिला कुणी विचारलंही नव्हतं. बाबांनाही कुणी विचारलं नव्हतं.

तिने मान हलवून तो विचार झटकला. तो गेला नाही.

जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि आई धावत आली. तिचा श्वास फुलला होता, मास्क एका कानावरून निसटला होता. मिस कॅलहननी तिला दारात थांबवलं आणि काढ्याचं सगळं सांगितलं. आईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग शरमेने उतरला.

“मी... मीच दिला तो. माझीच चूक झाली, मिस. मला वाटलं, बरं पडेल.” मग ती ऋताकडे वळून मराठीत म्हणाली, “ऋतू, बाळा, घाबरलीस ना गं? हे बघ, मी आलेय.”

“आई, आत येऊ नकोस,” ऋता म्हणाली.

“आता मोजू,” डॉब्सन म्हणाले.

आधी त्यांनी स्वतःचं मोजलं. त्यांचं उतरून पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. मग ऋताने मास्क हनुवटीवर ओढला आणि काडी जिभेखाली धरली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. दारात तीन माणसं, आणि तिघांचेही डोळे तिच्या ओठांवर. आई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक रामरक्षा.

पीप.

“सदतीस-दोन,” ऋताने वाचलं.

“उतरला!” मिस कॅलहन ओरडल्या. “ताप नाहीये! ग्रॅहम, ताप नाहीये!”

“नाही,” डॉब्सन म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. “इतका तर चालतो. शाबास, पोरी. रुग्णवाहिका नको.”

आई मटकन दारातच बसली. तिने पदराने डोळे पुसले, मग हसायलाच लागली. “नको तो काढा, बाई! आयुष्यात पुन्हा करणार नाही.” मिस कॅलहनही हसल्या. त्यांनी संगीताच्या खोलीचं दार पूर्ण उघडलं. पलीकडच्या वर्गातून मुलांच्या वाचनाचा आवाज येत होता.

“चल ऋता,” मिस म्हणाल्या. “वर्गात सगळ्यांना सांगूया, काय झालं ते. जॉर्जिना बिचारी रडतेय तुझ्यासाठी.”

“ये गं, ऋतू,” आई म्हणाली आणि तिने दोन्ही हात पसरले.

ऋता उठली. दाराकडे दोन-तीन पावलं आली. आईच्या हातांपर्यंत फारतर एका उडीचं अंतर राहिलं होतं. समोर जॉर्जिना होती, नील होता, डबा होता, घर होतं. सगळे हसत होते. कुणीच काही विचारत नव्हतं. आणि आजचा आकडा चांगला आला असला, तरी उद्याचा कसा येईल, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण ते का विचारायला हवं, हे मात्र तिथे फक्त तिला आणि आईला माहीत होतं.

तिने आईकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू थांबलं. लेकीच्या डोळ्यांत काय आहे, ते आयांना लवकर कळतं. आईने मान हलवली. अगदी बारीक. नको, ऋतू.

ऋताच्या पायांना वाटत होतं, पळावं, आईच्या कुशीत तोंड लपवावं आणि मोठं होईपर्यंत बाहेर काढू नये.

“काय झालं?” मिस्टर डॉब्सननी विचारलं. “बरं वाटत नाहीये का?”

“बरं वाटतंय,” ऋता म्हणाली. “पण मी तुम्हाला सगळं नाही सांगितलं.”

मग ती मागे सरकली, पार खिडकीपर्यंत. तिथे भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली, आईच्या पसरलेल्या हातांपासून होता होईल तितकी लांब. हनुवटीवरचा मास्क तिने नाकावर ओढून घेतला, आणि बाबा हॉकर सेंटरमध्ये कुणाबरोबर जेवले होते ते सांगायला सुरुवात केली.